पाडा

पाडा : महसुली गावाच्या हद्दीतील विखुरलेली लहान वस्ती. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांत ग्रामीण वसाहतीचा हाच मूळ घटक होय. देशावरील गावाप्रमाणे येथे घरे एका गावठाणात एकवटलेली नसतात. ती शेतांच्या आधाराने गटागटांनी वसलेली असून एका गावात अनेक पाडे असतात. पाटीलपाडा, डोंगरीपाडा यांसारखी त्यांची नावे आडनाव, जमात वा भूरचना यांवरून पडलेली आहेत. ओढे, भातखाचरे व टेकड्या यांमुळे पाडे परस्परांपासून अलग पडतात. म्हणून गावाची लोकसंख्या व ‘गावास रस्ता आहे’ ही नोंद, एवढ्यावरून तेथील रहिवाशांच्या दळणवळणाची खरी स्थिती कळत नाही.

लोकसंख्या : २०११ च्या जनगणनेनुसार डहाणू तालुक्याची लोकसंख्या ४,०२,०९५ व तलासरीची १,५४,८१८ होती. तलासरीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ९० टक्के, तर डहाणूत दोन-तृतीयांशाहून अधिक आहे. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, मल्हार कोळी व कातकरी या येथील प्रमुख जमाती. भातकापणीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्या व बांधकामे यांवर मजुरीस जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. २०११ ची प्रत्यक्ष गणना फेब्रुवारीत, म्हणजे स्थलांतराच्या ऐन हंगामात झाली. स्थलांतरित कुटुंब त्या काळात जेथे राहत असेल तेथे मोजले जात असल्याने पाड्याची नोंदलेली संख्या पावसाळ्यातील संख्येहून कमी भरू शकते.

दळणवळण : हा प्रदेश मोठ्या मार्गांपासून दूर नाही. मुंबई–सुरत लोहमार्ग १८६४ मध्ये पूर्ण झाला. वाणगाव, डहाणू रोड व घोलवड ही त्यावरील स्थानके पश्चिम पट्ट्यात असून डहाणू रोडपर्यंत मुंबईची उपनगरी गाडी १६ एप्रिल २०१३ पासून धावते. मुंबई–अहमदाबाद महामार्ग (क्र. ४८, पूर्वीचा क्र. ८) चारोटी व तलासरीवरून जातो. नियोजित मुंबई–अहमदाबाद अतिजलद लोहमार्गही याच भागातून जातो. तथापि या दोन तालुक्यांत त्याचे स्थानक नाही. हे मार्ग उत्तर-दक्षिण आहेत. पूर्वेकडील डोंगराळ पाड्यांना मात्र बाजार, दवाखाना व शाळा यांसाठी आडव्या जोडरस्त्यांची गरज असते. राज्य परिवहनाची बस फाट्यापर्यंत येते. पुढे भाड्याची जीप, रिक्षा किंवा पायवाट. पावसाळ्यात ओढ्यावर साकव नसल्यास पायवाटही बंद होते आणि रुग्णास वा प्रसूतीसाठी निघालेल्या स्त्रीस डोलीतून रस्त्यापर्यंत न्यावे लागते. अशा वेळी शेवटचे दोन-तीन किमी. अंतरच निर्णायक ठरते.

निकष : जनगणनेच्या ग्रामसूचीत बस, रुग्णालय इ. सोयींची नोंद गाव धरून होते. सोय गावात नसल्यास ५ किमी.च्या आत, ५ ते १० किमी. वा त्याहून दूर, असे अंतर दिले जाते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने (२०००) गावाऐवजी वस्ती हा घटक मानला व सर्वसाधारण सपाट प्रदेशात ५००, तर अनुसूचित क्षेत्रात २५० लोकसंख्येची किमान मर्यादा ठेवली. त्यामुळे काही पाडे पात्र ठरले. परंतु तीस-चाळीस घरांचा पाडा याही मर्यादेत सहसा बसत नाही. कातकरींसारख्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांच्या वस्त्यांसाठी २०२३ च्या पीएम-जनमन अभियानात ही मर्यादा १०० करण्यात आली. वारली त्या गटात मोडत नाहीत.

स्वतंत्र गावाचा दर्जा : दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने वस्ती, पाडा वा त्यांचा समूह यांस गाव मानले असून महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनुसार, तेथील मतदारांनी ठराव केल्यास व महसूल प्रशासनाने पडताळणी केल्यास, पाडा स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊ शकतो. या दर्जामुळे रस्ता आपोआप मिळत नाही. मात्र पाड्यास स्वतःची ग्रामसभा लाभते व रस्त्याची मागणी त्याच्या स्वतःच्या नावाने नोंदविता येते.