दोन दारांची गाडी आणि भिगवणचा मिस्त्री

सगळ्यात आधी फळकुटं शोधावी लागतात. ऑडी टीटीसारखी कूपे जमिनीला इतकी लागून असते की आपे किंवा बोलेरो उचलणारा जॅक तिच्या पोटाखाली जातच नाही. धुलाईच्या रॅम्पवर घ्यायला गेलं तर चाकं चढायच्या आधी पुढचा बंपर घासतो. म्हणून चाकांपुढे दोन-दोन इंची फळ्या ठेवायच्या, गाडी हळूच त्यांच्यावर घ्यायची आणि मग बुटका ट्रॉली जॅक आत सरकवायचा. तोही हवा तिथे लावता येत नाही. दाराखालच्या पट्टीवर चार जागा ठरलेल्या आहेत, तिथेच रबराचा ठोकळा ठेवून उचलायचं. बोटभर चुकलं तरी पत्रा दुमडतो. गावाकडच्या गॅरेजात या गाडीची सर्व्हिसिंग अशी सुरू होते.

पुणे-सोलापूर महामार्ग भिगवणला लागूनच जातो. पुणं साधारण शंभर किलोमीटरवर. थंडीत उजनी धरणाच्या फुगवट्यावर, कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला रोहित पक्षी उतरतात आणि शनिवार-रविवारी त्यांच्या मागोमाग शहरातल्या गाड्या येतात. पक्षी बघायचे, चिलापीचं कालवण आणि भाकरी खायची, संध्याकाळी परतायचं. या गाड्यांत एखादी दोन दारांची, बुटकी परदेशी गाडी असली की तिच्याभोवती पोरं जमतात. परतताना गतिरोधकावर खालून काही लागलं किंवा डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटला, तर कंपनीचं वर्कशॉप शंभर किलोमीटर दूर असतं आणि मिस्त्री समोर असतो.

टीटीचंच उदाहरण घेतलं, त्याला कारण आहे. ही गाडी १९९८ पासून हंगेरीतल्या ग्योर इथल्या कारखान्यात तयार होत होती आणि भारतात पूर्ण बांधलेल्या अवस्थेत जहाजाने यायची. अशा महागड्या गाड्यांवरचं आयातशुल्क २०१३ च्या अर्थसंकल्पात ७५ टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर गेलं. तिसऱ्या पिढीची टीटी २०१५ मध्ये इथे आली तेव्हा तिची किंमत साठ लाखांच्या वर होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्योरमधून शेवटची टीटी बाहेर पडली आणि हे नाव थांबलं. म्हणजे आता रस्त्यावर ज्या आहेत त्या जुन्याच होत जाणार. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जाणार, वॉरंटीच्या बाहेर पडणार आणि कधीतरी लहान गावातल्या गॅरेजासमोर उभ्या राहणार.

बॉनेट उघडलं की मात्र मिस्त्रीचा जीव भांड्यात पडतो. तिसऱ्या पिढीच्या टीटीचं दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन फोक्सवॅगन समूहाच्या ज्या घराण्यातलं, त्याच घराण्यातली इंजिनं आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरला जुळणी झालेल्या स्कोडा ऑक्टेव्हिया आणि सुपर्बमध्ये बसली. अंगावरचा पत्रा परका असला तरी आतली नाती इथलीच. त्यामुळे फिल्टर, प्लग, कॉइल यांचा शोध हंगेरीपासून नव्हे, पुण्याच्या नाना पेठेपासून सुरू करता येतो. नंबर जुळवून घ्यायचा आणि पार्सल मागवायचं.

ऑइलच्या बाबतीत जपायला हवं. डब्यावर नुसतं ५ डब्ल्यू ४० दिसून भागत नाही. मागच्या बाजूला फोक्सवॅगनचा ५०२ ००, किंवा पुस्तिकेत सांगितला असेल तो, मान्यता क्रमांक छापलेला हवा. टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. तापून जळकट होणारं ऑइल त्याच्या नळीत साचलं की टर्बो जातो, आणि तो खर्च गाडी विकायला लावणारा असतो.

गिअरबॉक्स त्याहून नाजूक. दोन क्लच असलेल्या या सहा गिअरच्या पेटीचं ऑइल साधारण ६० हजार किलोमीटरला बदलायचं असतं. त्याची पातळी मोजायची ती ऑइल ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये असताना, इंजिन चालू ठेवून. भिगवणच्या एप्रिलमध्ये सावलीतली हवाच चाळिशीला टेकते, म्हणजे हात चालवायला फार वेळ मिळत नाही. शिवाय ते तापमान बोटाने कळत नाही. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडून वाचावं लागतं. मागच्या ब्रेकचंही तसंच. पॅड बदलणं हे मिस्त्रीचं रोजचं काम, पण इथे हँडब्रेक विजेच्या मोटरवर चालतो. स्कॅनरने हुकूम दिल्याशिवाय पिस्टन मागे सरकत नाही. जोर लावून ढकलला तर मोटर तुटते.

इथेच माझं म्हणणं आहे. भिगवणच्या मिस्त्रीच्या हातात काही कमी नाही. त्याला कमी पडते ती माहिती, आणि ती कुणीतरी कुलपात ठेवलेली आहे.

पुरावा बारामतीत आहे. तिथल्या एमआयडीसीत इटलीच्या पियाजिओचा कारखाना आहे. या कंपनीने पाँटेडेरात १९४६ मध्ये व्हेस्पा काढली आणि १९४८ मध्ये तिला मागे हौदा जोडून तीन चाकी आपे केली. दोन्ही कोराडिनो दास्कानियो या विमान-अभियंत्याच्या डोक्यातून आलेल्या. आज ती आपे उजनीची मासळी आणि इंदापूरची डाळिंबं वाहते, आणि ती परदेशी आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. तिचा क्लच-वायर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो आणि तिचं इंजिन शिकाऊ पोरगाही खोलतो. बारामतीतूनच २०१२ पासून व्हेस्पा आणि २०२३ पासून अप्रिलिया आरएस ४५७ ही शर्यतीच्या घाटाची मोटरसायकल निघते. आणि भिगवणच्याच इंदापूर तालुक्यात ज्यांच्या नावाचं वालचंदनगर उभं आहे, त्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. तिच्यातून पुढे फियाट आणि पद्मिनी खेड्यापाड्यांतल्या मिस्त्रींच्या अंगवळणी पडली. सुटे भाग आणि माहिती हाताशी आली की इटलीचं यंत्र इथलं होतं, हे या मुलखाने एकदा नव्हे, दोनदा दाखवलं आहे.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला, तो याचसाठी: अस्सल सुटे भाग आणि दोष शोधायची उपकरणं त्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण भिगवणच्या फाट्यावर गाडी बंद पडते तेव्हा मिस्त्रीला हवी असते ती तापमानाची आणि टॉर्कची नेमकी आकडेवारी, मराठीत छापलेली, आणि विकत घेता येईल असा स्कॅनर. कंपन्यांनी तो द्यावा. विकतच द्यावा, पण द्यावा.

अशी गाडी बाळगणाऱ्यांनाही थोडं सांगायचं आहे. निघण्याआधी डिकीत चाकाच्या कुलूप-बोल्टची चावी आहे ना, ते स्वतः बघा. ती नसली तर नुसत्या पंक्चरसाठीही चाक निघत नाही. टीटीचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरवर आवळायचे, हे कागदावर लिहून चावीसोबत ठेवा. एक लिटर योग्य ऑइल बरोबर असू द्या. आणि मिस्त्रीने फळ्या मांडल्या की गाडीची पुस्तिका काढून त्याच्या हातात द्या.