किण्वाची निवड

बिअरचें नांव काढतांच आमच्या पुष्कळ वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील. प्रस्तुत लेखकही त्या पेयापासून आजन्म दूर आहे. तथापि तें कसें होतें हें जाणण्यास तें प्यावें लागत नाहीं. आणि त्याचें सारें मर्म ज्या पदार्थांत आहे त्यास संस्कृतांत जुनाच शब्द आहे. तो म्हणजे किण्व, हल्लीचें यीस्ट. अर्थशास्त्रांत कौटिल्यानें उडीद व तांदूळ यांपासून किण्व सिद्ध करण्याचें प्रमाण दिलें आहे. इतकेंच नव्हे, तर कार्यप्रसंगीं गृहस्थांस घरीं श्वेतसुरा करण्याची मुभाही ठेविली आहे. घरीं बिअर करण्याची अशी मोकळीक इंग्लंडांत १९६३ सालीं मिळाली, अमेरिकेंत १९७८ च्या कायद्यानें. आणि तेव्हांपासून तिकडे हा छंद फोफावला. (आपल्या महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें परवान्यावांचून असा उद्योग गुन्हा आहे, हें तरुण मंडळींनीं विसरूं नये.)

कृति वरवर सोपी दिसते. जवास मोड आणून ते वाळवावयाचे, भरडून ऊन पाण्यांत मुरवावयाचे, निघालेला गोड रस हॉप नांवाच्या वेलीचीं फुलें घालून उकळावयाचा, आणि निवल्यावर त्यांत किण्व सोडावयाचें. किण्व साखर खातें आणि मद्यार्क व कर्बाम्ल वायु सोडतें. परंतु खातांखातां तें कित्येक सुगंधी द्रव्येंही निर्माण करतें, आणि बिअरच्या निरनिराळ्या जाति बऱ्याच अंशीं या भेदामुळेंच निपजतात. इंग्लिश एलचें किण्व साधारण १८ ते २२ अंश उष्णतेंत काम करतें, फेसाबरोबर वर येतें आणि फळांसारखा किंचित् वास मागें ठेवतें. बव्हेरियांतील लागरचें किण्व थंडीचें भोक्तें. ८ ते १३ अंशांत सावकाश आंबवून तळाशीं बसतें, आणि पुढें कित्येक आठवडे गारठ्यांत मुरल्यावर चव स्वच्छ उतरते. त्याच प्रांतांत गव्हाची बिअर ज्या किण्वानें करतात तें लवंगेचा आणि पिकल्या केळ्याचा वास देतें. वास्तविक तींत लवंगही नसते आणि केळेंही नसतें! म्हणून ज्याच्या घरीं थंड तळघर नाहीं त्यानें लागरच्या नादीं न लागतां एल करावी, हें बरें. शिवाय किण्व रसांतील साखर कितपत संपवितें हेंही पाहावें लागतें, कारण पेयाचा गोडवा त्यावर अवलंबून.

आश्चर्य हें कीं, बव्हेरियांतील १५१६ सालच्या प्रसिद्ध राजाज्ञेंत जव, हॉप आणि पाणी हे तीनच पदार्थ सांगितले आहेत. किण्वाचा उल्लेखच नाहीं. मागील खेपेचा गाळ पुढील खेपेस, एवढाच व्यवहार चाले, आपल्याकडील विरजणासारखा. पुढें कार्ल्सबर्गचा कारखाना काढणारे कोपनहेगनचे जेकबसेन यांनीं १८४५ सालीं म्युनिकहून असेंच किण्व आणलें. वाटेंत गाडी थांबेल तेथें भांड्यावर थंड पाणी ओतीत तें जगविलें, असें सांगतात. कालांतरानें त्यांच्या कारखान्यांतील बिअर नासूं लागली. पाश्चरनें १८७६ च्या आपल्या ग्रंथांत अशा नासाडीचा दोष परक्या जंतूंकडे दिला होता. कारखान्याच्या प्रयोगशाळेंतील एमिल हॅन्सेन (हा पूर्वायुष्यांत घरें रंगविणारा कारागीर!) यानें दाखविलें कीं, खुद्द किण्वांतही सज्जन व दुर्जन जाति मिसळलेल्या असतात. त्यानें एकेक पेशी वेगळी करून वाढविली, आणि १८८३ सालीं एका उत्तम पेशीची संतति कारखान्यास दिली. हें गुपित ठेवून प्रतिस्पर्ध्यांस सहज बुडवितां आलें असतें. जेकबसेन यांनीं तें किण्व इतर कारखान्यांस मोफत वांटलें.

आज तिकडील हौशी गृहस्थ दुकानांतून दहा-अकरा ग्रॅमची पुडी आणून रसावर भुरभुरवितो, ती अशाच निवडलेल्या एका जातीची असते.