तक्रारीबरोबर आजाराची वहीही न्या

धुराची, दुर्गंधीची किंवा तुंबलेल्या नाल्याची तक्रार घेऊन नगरपालिकेत जायचे तर नगरसेवकाला गाठावे, फार तर वकिलाला विचारावे, डॉक्टरचा त्यात काय संबंध, असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. संबंध आहे. मांजर्लीतून, वालिवलीकडून, रुळांच्या पलीकडे शिरगाव-खरवईतून रुग्ण येतात, खोकला सांगतात, घसा दाखवतात आणि उठता उठता म्हणतात, "डॉक्टर, रात्री वास येतो हो." आम्ही औषध लिहून देतो. खोकला आठ दिवस थांबतो, वास तसाच राहतो आणि पंधरवड्याने तोच रुग्ण पुन्हा बाकावर बसलेला असतो.

अशा रहिवाशांनी नगरपालिकेला दिलेले अर्ज वाचायला मिळतात तेव्हा मन खट्टू होते. "परिसरात असह्य प्रदूषण असून नागरिकांचे आरोग्य धोक्यात आले आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी." खाली तीस-चाळीस सह्या. अर्जावर आवक क्रमांक पडतो, तो फाइलीत जातो आणि तिथेच राहतो. यात नेहमी कोणाचा वाईट हेतू असतो असे नाही. वास कोणत्या रात्री आला, किती वाजता, कोणत्या बाजूने, त्याने कोणाला काय झाले, यातले काहीच त्या अर्जात नसते. मग आरोग्य निरीक्षकाने जायचे कुठे आणि बघायचे काय?

याबाबतीत आम्हा डॉक्टरांना विद्यार्थिदशेतच एक गोष्ट शिकवलेली असते. ती लंडनची असली तरी आपल्या वॉर्डातही उपयोगी पडणारी आहे. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस तिथल्या सोहो भागात कॉलऱ्याची भयंकर साथ आली. दहा दिवसांत पाचशेच्या वर माणसे दगावली. कॉलरा दुर्गंधीयुक्त हवेतून होतो अशी त्या काळी बड्या बड्या डॉक्टरांची समजूत होती. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांना मात्र पाण्याचा संशय होता. त्यांनी मृत्यूच्या नोंदणी कार्यालयातून ८३ मृतांची यादी मिळवली आणि घरोघरी जाऊन एकच प्रश्न विचारला, पाणी कुठले पीत होता? यातले ६१ जण ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक हातपंपाचे पाणी पीत असल्याचे निघाले. ७ सप्टेंबरच्या संध्याकाळी स्थानिक मंडळाची सभा चालू असताना स्नो तिथे गेले आणि त्यांनी आपली माहिती मांडली. मंडळातल्या लोकांना त्यांचे शास्त्र पटले होते असे नाही, पण पत्ते आणि आकडे समोर होते. दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढण्यात आला. (तोवर लोक भीतीने गाव सोडून गेले होते आणि साथही ओसरू लागली होती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. स्नो यांनी स्वतःच तसे लिहिले आहे.)

या हकिगतीतला आणखी एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. आजारी कोण पडले एवढेच पाहून स्नो थांबले नाहीत, कोण पडले नाही हेही त्यांनी पाहिले. पंपाजवळच बिअरचा एक कारखाना होता. तिथल्या सत्तरएक कामगारांपैकी कोणी कॉलऱ्याने दगावले नाही, कारण ते त्या पंपाचे पाणी पीतच नव्हते. आपल्या सोसायटीतही हेच करावे. समोरच्या इमारतीत त्रास नसेल तर तेही लिहून ठेवावे. वास कोणत्या बाजूने येतो याचा माग पुष्कळदा तिथेच लागतो.

तर वही कशी ठेवावी? साधी शाळेची दोनशे पानी वही पुरते. एका मजल्यावर किंवा एका चाळीत एक जबाबदार व्यक्ती नेमावी. रात्री जाग असलेले निवृत्त गृहस्थ किंवा पहाटे पाणी भरायला उठणाऱ्या काकू या कामाला उत्तम. तारीख, वास किंवा धूर सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, वारा कुठून होता, हे आधी लिहावे. वारा ओळखायला उदबत्तीचा धूर किंवा गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे पुरतात. मग वास कशासारखा होता ते. "घाण वास" असे लिहू नये. सडक्या अंड्यांसारखा, नेलपॉलिशसारखा, जळत्या प्लॅस्टिकसारखा, कुजक्या कोबीसारखा, असे लिहावे. सडक्या अंड्यांचा वास हायड्रोजन सल्फाइडकडे बोट दाखवतो, नेलपॉलिशचा वास रासायनिक द्रावकांकडे आणि जळत्या प्लॅस्टिकचा बहुधा कचऱ्याच्या आगीकडे. तपासणाऱ्या माणसाचे निम्मे काम तिथेच होते.

त्यापुढे शरीराची नोंद. कोणाला, वय काय, त्रास काय आणि तो किती वेळ टिकला. आम्हा डॉक्टरांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची नोंद म्हणजे जागा बदलल्यावर काय होते ती. मूल आठ दिवस मामाकडे गेले आणि खोकला थांबला, परत आले आणि तिसऱ्या रात्री पुन्हा सुरू झाला, असे दोन-तीनदा घडले तर घराच्या आसपास काहीतरी आहे असे म्हणायला जागा राहते. ज्यांना दमा आहे त्यांनी पीक फ्लो मीटर नावाची फुंकायची नळी घ्यावी. ती महाग नसते. सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडा लिहावा. वासाच्या दिवशी हा आकडा नेहमीपेक्षा वीस टक्क्यांहून अधिक घसरत असेल, तर तो नुसता तोंडी खोकला राहत नाही, मोजलेला खोकला होतो.

आता थोडे अप्रिय बोलतो. प्रत्येक खोकला एमआयडीसीचा नसतो. खिडकी लावून रात्रभर जाळलेली डासांची कॉइल, घरातली विडी-सिगारेट, खिडकीच्या जाळीवर वर्षानुवर्षे साचलेली कबुतरांची विष्ठा, ओल धरलेली भिंत, हीदेखील कारणे आहेत आणि ती आधी तपासून बाजूला काढावीत. तसे केले नाही तर सभेत कोणीतरी नेमके तेच विचारतो आणि खरी तक्रारही हसण्यावारी जाते. रात्रीच्या वासाचेही तसेच आहे. "कारखानेवाले रात्रीच सोडतात" असे आपण म्हणतो. काही वेळा ते खरे असेलही. पण हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि दिवसा वर निघून जाणारा धूर खालीच कोंडतो. म्हणून वेळेबरोबर ऋतूही लिहावा.

या धुराने नेमके काय होते? कचरा जळतो तेव्हा निघणारे सूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहूनही बारीक असतात. नाकातले केस, घशातला चिकट स्राव यांना चकवून ते थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. अशा कणांची आपल्या देशातली मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. लहान मुले वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत ओढतात, त्यामुळे घरात पहिला खोकला त्यांचाच ऐकू येतो. हृदयविकार असलेल्या वृद्धांनाही हा धूर बाधतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

रासायनिक वायूंची तऱ्हा निराळी. ३ जून २०२१ च्या रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास शिरगाव औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून वायुगळती झाली, ती बदलापूरकर विसरलेले नाहीत. डोळ्यांची आग आणि श्वासाचा त्रास यांमुळे माणसे घराबाहेर आली. अग्निशमन दलाने तासाभरात गळती आटोक्यात आणली. त्याआधी नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनी नदीच्या पात्रात रसायन ओतले गेले आणि शेकडो रहिवाशांना रुग्णालयात जावे लागले. सांडपाण्याच्या नाल्यात आम्ल पडले की गाळातल्या सल्फाइडमधून हायड्रोजन सल्फाइड मोकळा होतो. त्याचा एक कावा असा की, प्रमाण फार वाढले तर नाकाची वास ओळखण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजून घरात परत जाणे म्हणूनच धोक्याचे असते. अमोनिया, सल्फर डाय ऑक्साइड हे वायू पाण्यात विरघळतात, त्यामुळे डोळे आणि घसा लगेच चुरचुरतात व माणूस पळतो. नायट्रोजन डाय ऑक्साइडसारखे वायू कमी विरघळतात. सुरुवातीला फारसे काही जाणवत नाही, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी होऊन दम लागतो. वायुगळतीत सापडलेल्या माणसाला पुढचे चोवीस तास एकटे सोडू नये ते यासाठी.

वहीबरोबर डॉक्टरांचा कागदही जोडावा, मात्र त्याकडून भलती अपेक्षा नसावी. "अमुक कारखान्यामुळे दमा झाला" असा दाखला मागायला लोक येतात. तसा दाखला कोणताही विचारी डॉक्टर देणार नाही, आणि दिलाच तर तो टिकणार नाही. अमुक तारखेला रुग्ण तपासला, छातीत घरघर होती, इतके पीक फ्लो होते, हे औषध दिले, एवढे मात्र लिहून मिळते आणि तेवढे पुरेसे असते. एकाच आठवड्यातले, एकाच गल्लीतले, निरनिराळ्या डॉक्टरांचे असे दहा कागद एकत्र ठेवले की कारणाचा शोध घ्यायला कोणाला तरी बाहेर पडावेच लागते.

आता कोणत्या दाराशी जायचे ते. कचरा, उघडी गटारे, डासांची पैदास, कचऱ्याला लागलेली आग ही कामे नगरपरिषदेची. सार्वजनिक उपद्रव दूर करणे हे १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने तिच्यावर टाकलेले कर्तव्य आहे. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये ५ हजार रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये भरपाई ठरवून दिली आहे. कारखान्याचा धूर, वास आणि सांडपाणी हा विषय महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. त्यांचे प्रादेशिक कार्यालय कल्याणला आहे. नळाच्या पाण्याची तक्रार बदलापुरात नगरपरिषदेकडे नव्हे, जीवन प्राधिकरणाकडे. चुकीच्या दाराशी गेलेला अर्ज "संबंधितांकडे वर्ग" होण्यात महिने जातात. म्हणून एका अर्जात एकच विषय लिहावा आणि इतरांना प्रती पाठवाव्यात.

सर्वसाधारण सभा पाहायला नागरिकांना बसता येते, पण सभेत बोलण्याचा अधिकार सदस्यांचा. आपल्याकडे मे २०२० मध्ये सदस्यांची मुदत संपली आणि डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकाचा कारभार राहिला. तेवढा काळ वॉर्डातला प्रश्न सभेत मांडायला सदस्यच नव्हते. आता पुन्हा आहेत. सभेच्या आधी आपल्या वॉर्डाच्या सदस्याला भेटून वहीचा एका पानाचा गोषवारा द्यावा आणि मागणी एकच, मोजता येणारी ठेवावी. "प्रदूषण थांबवा" या मागणीला होकार देणे सोपे असते, कारण त्यात कोणाला काही करावे लागत नाही. "अमुक नाक्यावरचा कचरा संध्याकाळी सातच्या आत उचलावा व महिनाभराची नोंद पुढच्या सभेत ठेवावी" याला हो किंवा नाही म्हणावेच लागते.

पैसे नाहीत, हे उत्तर बहुतेकांना मिळते. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या एका वॉर्डातल्या रहिवाशांनाही ते मिळाले होते. उघडी गटारे आणि दुर्गंधी यांना कंटाळून ते १९७२ मध्ये दंडाधिकाऱ्यांकडे गेले. दंडाधिकाऱ्यांनी नगरपालिकेला काम करण्याचा आदेश दिला, नगरपालिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की तिजोरी रिकामी असल्याची सबब सांगून नगरपालिकेला हे कर्तव्य टाळता येत नाही. ज्या कलमाखाली ते गेले ते आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून आहे. आपल्या खोऱ्यातही उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणावरून 'वनशक्ती' ही संस्था हरित लवादाकडे गेली. २०१५ मध्ये लवादाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आणि स्थानिक संस्था मिळून ९५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. या वाटा लांबच्या आहेत. रतलामकरांना आठ वर्षे लागली.

तोवर घरात दमेकरी असेल तर त्याचा पंप उशाशी असावा आणि तो संपत आला की नाही हे महिन्यातून एकदा पाहावे. धुराच्या दिवशी एन-९५ मास्क कणांना अडवतो, वायूला नाही. ओला रुमालही काही वायूंनाच थोडाफार अडवतो. त्याच्या भरवशावर थांबून राहू नये. वायूचा वास आला तर वाऱ्याच्या दिशेला आडवे, उंच जागेकडे निघावे, कारण पुष्कळसे वायू हवेपेक्षा जड असतात आणि नाल्यात, तळघरात, सखल गल्लीत साचतात. बाहेर पडणे शक्य नसेल तर दारे-खिडक्या लावून फटींत ओली फडकी कोंबावीत आणि एक्झॉस्ट पंखा बंद करावा. डोळे नळाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावेत, चोळू नयेत. सगळे स्थिरस्थावर झाले की घड्याळ पाहून वहीत वेळ लिहावी.