पाखडणे आणि उफणणे

‘पाखडणे’ आणि ‘उफणणे’ ही क्रियापदे अनेकदा एकाच अर्थाने वापरली जातात, पण त्यांतला भेद जपायला हवा. मळणीनंतर खळ्यावर धान्य उंचावरून वाऱ्याच्या झोतात सोडतात; जड दाणे जवळ पडतात, भुसा दूर उडतो. हे उफणणे. पाखडणे घरात, सुपात होते. मनगटाच्या झटक्याने धान्य वर उडवून झेलायचे, की कोंडा, फोलपटे सुपाच्या पुढच्या कडेवरून बाहेर पडतात. तिथे वाऱ्यावर भिस्त असते, इथे हातावर. ‘आगपाखड’ या शब्दातही हाच हाताचा झटका आहे; मात्र त्यात निवड कसलीच नाही, उरला आहे तो फक्त जोराने उधळण्याचा भाव.

दोन्हींत हलके तेच वेगळे होते, मग दोन शब्द कशाला, असे कोणी म्हणेल. पण जागा, साधन आणि कौशल्य वेगळे असल्यावर एक शब्द दोन्ही कामे नेमकी सांगू शकत नाही. आता मळणीयंत्राचा पंखाच भुसा उडवतो, हेही खरे. तरी तांदूळ-डाळ सुपात पाखडली जातेच. म्हणून शेतीच्या आणि पाककृतींच्या लेखनात ही क्रियापदे नेमकेपणाने वापरावीत.