भाग ३१: डावा कोपरा रिकामा कोण करतं? पुणेरी पलटणची बदलाबदली

ज्यांना कानात घालून ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून टाकतोय. बोलताना जे अडखळलो ते काढलंय, बाकी जसंच्या तसं.

मागच्या भागानंतर ओतूर, मंचर, घोडेगावकडून बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला. पुणेरी पलटणनं ट्रॉफी जिंकून दिलेला शादलूई सोडलाच का? प्रश्नात राग होता आणि तो रास्तच आहे. पण उत्तर द्यायचं तर आधी दोन वर्षं मागं जावं लागेल.

आपल्या भागात संघबदल ही काय नवी गोष्ट नाही. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या लागतात, गावकरी यात्रेची सुपारी द्यायला येतात. तिथं चक्कर मारली की कळतं, गेल्या वर्षी ह्या फडात असलेला ढोलकीवाला यंदा त्या फडात. फडमालक उचल किती देतो त्यावर सगळं. प्रो कबड्डीतही तेच, फक्त एक मोठा फरक. फडमालकाला पैशाची मर्यादा त्याच्या खिशाची. कबड्डीच्या संघाला मर्यादा लीगची. दहाव्या हंगामात प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्चायला ५ कोटी, बस्स. मालक कितीही श्रीमंत असो.

आता घटना क्रमानं बघा.

ऑगस्ट २०२२ चा लिलाव. पुण्यानं इराणचा फजल अत्राचली १ कोटी ३८ लाखांना घेतला आणि त्याच्याच देशाचा मोहम्मद नबीबख्श ८७ लाखांना. फजल कर्णधार झाला. फजल कुठं खेळतो? डाव्या कोपऱ्यात. गावच्या मैदानावर खेळलेल्यांना माहितीये, बहुतेक चढाईपटूंचा हल्ला उजव्या हातानं, म्हणजे त्याच बाजूनं सुरू होतो. तिथला माणूस घोटा धरणारा हवा आणि साखळीला वेळेवर ओढणाराही हवा. त्या वर्षी पुणे पहिल्यांदा अंतिम फेरीत गेलं. १७ डिसेंबर २०२२, मुंबई. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत दोघंही दुखापतीमुळं बाहेर, आणि जयपूरकडून ३३-२९ नं हार.

आणि मग पुढच्या लिलावाआधी पुण्यानं फजललाच सोडलं! कर्णधाराला. मला तेव्हा हे वेडेपणाचं वाटलेलं नाही, कारण ठेवलं कुणाला ते बघा: अस्लम, मोहित, पंकज मोहिते, आकाश शिंदे, संकेत सावंत, अभिनेश नादराजन, गौरव खत्री. तरुण पोरं. अस्लम आणि मोहित २०२१-२२ मध्ये नवखे म्हणून पलटणकडूनच उतरलेले. तरुण खेळाडूंना कायम ठेवायचे नियम वेगळे असतात, ते लिलावात न जाता कमी पैशात संघात राहतात. हाच खरा हिशोब.

ऑक्टोबर २०२३. ७ तारखेला हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारत-इराण फायनल, वादात तासभर अडकलेली, शेवटी भारत ३३-२९. भारताकडून अस्लम आणि आकाश, समोर इराणचा मोहम्मदरेझा शादलूई. दोनच दिवसांनी मुंबईत लिलाव, आणि पुण्यानं शादलूईसाठी २ कोटी ३५ लाख मोजले. थोड्या वेळासाठी तो लीगच्या इतिहासातला सगळ्यात महागडा खेळाडू होता, मग त्याच दिवशी पवन सेहरावत २ कोटी ६०.५ लाखांवर गेला. भाव कुठं थांबेल सांगता येत नाही हे आपल्याला टोमॅटोच्या क्रेटनं शिकवलंच आहे.

म्हणजे ५ कोटींतले ४७ टक्के एका माणसावर. उरलेल्या २ कोटी ६५ लाखांत अख्खा संघ. हे जमलं ते फक्त ती पोरं स्वस्तात होती म्हणून. आणि शादलूईची जागा? डावा कोपरा. म्हणजे मध्यरक्षक संकेत आणि अभिनेश जागेवरच, फक्त शेजारचा एक माणूस बदलला. आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर अख्खी सिस्टीम परत लिहिली नाही, एक मॉड्यूल बदललं. (ऑफिसात हे इतकं सोपं कधीच नसतं.)

निकाल: साखळीत २२ पैकी १७ विजय, ३ बरोबरी, २ पराभव. विजयाचे ५, बरोबरीचे ३, म्हणजे ९४. पण टेबलवर ९६ होते. वरचे दोन कुठून? तेव्हा सात किंवा कमी गुणांनी हरलात तर १ गुण मिळायचा. म्हणजे हरलेले दोन्ही सामनेसुद्धा अटीतटीचे! शादलूईच्या पकडीचे गुण ९९. १ मार्च २०२४, हैदराबाद, हरियाणाविरुद्ध २८-२५. पहिलं विजेतेपद, कर्णधार अस्लम, प्रशिक्षक बी. सी. रमेश.

आता तुमचा प्रश्न. ऑगस्ट २०२४ ला शादलूई परत लिलावात गेला आणि २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे. खरं तर जुन्या संघाला शेवटच्या बोलीएवढे पैसे भरून खेळाडू परत घेता येतो, तशी तरतूद आहे. पण पोरं मोठी झाली की त्यांची किंमतही वाढते, आणि मर्यादा असताना अर्धी थैली एका माणसावर प्रत्येक वर्षी टाकता येत नाही. माझं मत विचाराल तर तर्क बरोबर होता, पण त्यात दुखापतीचा रकाना नव्हता. अस्लम जायबंदी झाला आणि पुणे पहिल्या सहांतही आलं नाही. २९ डिसेंबर २०२४ ची फायनल झाली बालेवाडीला, आपल्या घरात. जिंकलं हरियाणा, पाटण्याविरुद्ध ३२-२३. ट्रॉफीला हात लावणाऱ्यांत शादलूई.

पुढच्या वर्षी अजय ठाकूर प्रशिक्षक, अस्लम परत, पुणे परत फायनलला. ३१ ऑक्टोबर २०२५, दिल्लीत दबंग दिल्लीकडून ३१-२८ नं हरलो. आणि त्या दिल्लीच्या संघात कोण होता माहितीये? फजल अत्राचली.