गळालेला शब्द

‘सर्व्हर स्लो आहे’ हे वाक्य बँकेच्या खिडकीपासून तहसील कचेरीपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. तो दुरुस्त करणारं माणूस गाठा, असं संपादक म्हणाले. म्हणून हिंजवडीतल्या एका कंपनीत, डेटाबेस सांभाळणाऱ्या बाईंशेजारी खुर्ची ओढून बसलो.

डेटाबेस पोस्टग्रेस. १९८६ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी सुरू केलेला, आज फुकट मिळणारा आणि तीनशेहून जास्त सेटिंग्जचा. बाई त्यांना ‘खुंट्या’ म्हणतात. घरी तंबोरा आहे.

महिनाअखेरचा अहवाल परवापर्यंत पाच सेकंदांत यायचा. आता वीस मिनिटं झाली तरी येईना. कोड तोच, सेटिंग्ज त्याच. बाईंनी अहवाल मागणाऱ्या क्वेरीपुढे ‘एक्स्प्लेन’ लावलं. पोस्टग्रेस ते काम कसं करणार याचा आराखडा उमटला. एका ओळीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “इथे ‘हॅश्ड’ हवं होतं. गळालंय.”

अहवालातून बंद खाती वगळायची होती. त्यांची यादी मेमरीत मावेल असा अंदाज असला, तर पोस्टग्रेस तिची सूची, म्हणजे ‘हॅश’, एकदाच बांधतो आणि प्रत्येक खातं तिथे चटकन शोधतो. मावणार नसेल, तर खात्यागणिक यादी पहिल्यापासून वाचतो. लग्नात प्रत्येक पाहुण्यासाठी आहेराची वही पहिल्या पानापासून चाळावी, तसं. ही मर्यादा ‘वर्क मेम’ या खुंटीवर: मुळात ४ एमबी, हॅशसाठी १५व्या आवृत्तीपासून दुप्पट. बंद खाती वाढत वाढत एका रात्री ती ओलांडून गेली.

बाईंनी फक्त आपल्या जोडणीपुरतं वर्क मेम ६४ एमबी केलं. शब्द परत आला, अहवालही आला.

“मग सगळ्यांनाच ६४ द्या की!” मी म्हणालो.

त्यांनी पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलं. ही मेमरी क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला, प्रत्येक हॅशला वेगळी लागते. २०० जोडण्या, प्रत्येकीत दोन सॉर्ट: २५,६०० एमबी. मशीनमध्ये १६ जीबी. मेमरी संपली की लिनक्स एखादी प्रक्रिया मारून टाकतो. ती पोस्टग्रेसची जोडणी असली, तर पोस्टग्रेस खबरदारी म्हणून बाकीच्याही तोडतो आणि स्वतःला सावरत बसतो.

क्वेरीत बंद खाती वगळणाऱ्या ‘नॉट इन’ऐवजी ‘नॉट एग्झिस्ट्स’ लिहिलं तर खुंटीला हात लावावा लागणार नाही. पण यादीत एखादी नोंद कोरी असली, तर दोघांची उत्तरं वेगळी येतात. आधी ते तपासायचं.

हे झालं एका खुंटीचं. नुसत्या चालू-बंद अशा वीस खुंट्या घेतल्या तरी १०,४८,५७६ जुळण्या होतात. मिनिटाला एक तपासली तर जवळजवळ दोन वर्षं. म्हणून बाई एका वेळी एकच बदलतात आणि का बदलली ते वहीत लिहितात.

सेटिंग्जच्या फाइलमधली एक ओळ मात्र वहीच्या आधीची आहे: ‘मर्ज जॉइन बंद’, म्हणजे तक्ते जोडायची एक पद्धतच बंद. का केलं, कोणत्या क्वेरीसाठी, कुठेच नोंद नाही. करणारा नोकरी सोडून गेला. बाई ती ओळ रोज बघतात आणि फाइल बंद करतात.