सलाईनची वाटी

मेंदूतली गाठ काढताना सर्जन मध्येच थांबतो आणि हँडपीस बाजूला धरतो. सिस्टर न सांगता सलाईनची वाटी पुढे करते. टोक वाटीत बुडतं, खळखळत पाणी वर ओढलं जातं, नळीतून गुलाबी धार सरकते आणि काम पुन्हा सुरू. पाच-सात सेकंदांचा मामला. चोकअप झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच दोन घोट पाणी पाजलेलं बरं, हे ओटीत नव्यानं आलेल्या सिस्टरलाही लवकरच कळतं. अल्ट्रासॉनिक ॲस्पिरेटरचं कौतुक करताना सगळे ध्वनिलहरींबद्दल बोलतात. पण या यंत्राचा निम्मा इतिहास तरी पाण्याचा आणि तुंबण्याचा आहे.

त्याची सुरुवात दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत झाली. १९६० च्या दशकात न्यू यॉर्कचे नेत्रतज्ज्ञ चार्ल्स केल्मन मोतीबिंदू छोट्या छेदातून काढता येईल का, या विचारानं पछाडले होते. त्या काळी डोळ्याला मोठी चीर द्यावी लागे आणि पेशंट पुढचे कित्येक दिवस अंथरुणाला खिळलेला असे. दात साफ करून घेताना केल्मन यांचं लक्ष डॉक्टरच्या हातातल्या उपकरणाकडे गेलं. ते अतिवेगानं थरथरत दातांवरचं कीटण उडवत होतं आणि सोबत पाणीही सोडत होतं. अँटन बँको या अभियंत्याला बरोबर घेऊन कॅव्हिट्रॉन कंपनीत त्यांनी एक पोकळ सुई घडवली. टोक थरथरून नेत्रभिंग फोडतं, फुटलेला चुरा सुईच्या पोटातून ओढला जातो आणि बाहेरच्या खोळीतून पाणी आत जात राहतं. १९६७ मध्ये ती प्रथमच माणसाच्या डोळ्यावर वापरली गेली, तीही दृष्टी आधीच गेलेल्या आणि काढूनच टाकायच्या डोळ्यावर. ते ऑपरेशन कित्येक तास चाललं.

फोडायचं आणि ओढायचं एकाच नळीनं, यातच सोय होती आणि दुखणंही. शहाळ्याच्या स्ट्रॉत मलई अडकली की काय होतं ते आठवा. आपण जोर लावून ओढत राहतो, काहीच येत नाही आणि मग एकदम भसकन घोट येतो. डोळ्यात हा भसका महागात पडतो. तुकडा तोंडाशी बसला की प्रवाह थांबतो, मागे नळीत निर्वात वाढत जातो. तुकडा सुटताक्षणी डोळ्यातलं पाणी इतक्या झपाट्यानं ओढलं जातं की बुबुळापुढची जागाच चेपते. डॉक्टरांच्या भाषेत हाच ‘सर्ज’. दुसरा धोका उष्णतेचा. थरथरणारी सुई वाहत्या पाण्यामुळेच थंड राहते. डोळ्याच्या रक्षणासाठी भरलेल्या दाट जेलनं तोंड बुजलं आणि पेडल दाबलेलंच राहिलं, तर छेदाच्या कडा काही सेकंदांत भाजतात.

मेंदूच्या सर्जनना हे यंत्र मिळालं ते १९७० च्या दशकात. फ्लॅम, रॅन्सोहॉफ, वुचिनिच आणि ब्रॉडविन यांनी १९७८ मध्ये ‘न्यूरोसर्जरी’ नियतकालिकात आपले सुरुवातीचे अनुभव मांडले. यंत्राचा स्वभावच या कामाला धार्जिणा होता. पाणीदार, मऊ पेशी चटकन फुटतात; रक्तवाहिन्यांच्या चिवट भिंती बऱ्याच अंशी टिकतात. पण डोळ्यातल्या भिंगाला रक्त नसतं, गाठीला भरपूर असतं. रक्त साखळतं, प्रथिनं गरम टायटॅनियमला चिकटतात आणि दोन मिलिमीटर किंवा त्याहूनही अरुंद पोकळीत त्यांचा गिलावा बसतो.

मग भोक मोठं का करत नाहीत? कोणीही विचारील असा प्रश्न. टोक सेकंदाला सुमारे २३,००० वेळा पुढे-मागे होतं आणि प्रत्येक खेपेला मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास अंतर कापतं. भिंत पातळ केली तर धातू थकून तडकतो. बाहेरून जाड केलं तर खोल, अरुंद जागेत सर्जनला टोकापलीकडचं काही दिसत नाही. शिवाय टोकाचा आकार आणि वजन त्याच्या कंपनसंख्येशी बांधलेलं असतं. कानस घेऊन थोडं वाढवू म्हणायची सोय नाही.

त्यावरचा उतारा मला या सगळ्या यंत्रातला सर्वांत शहाणा भाग वाटतो. टोकापासून किंचित मागे, भिंतीतच, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक दोन भोकं पाडली. खोळीतून येणारं सलाईन टोकापर्यंत जाण्याआधीच त्यातलं बरंचसं या भोकांतून आत ओढलं जातं. नळीचं पोट सतत ओलं राहतं, रक्त पातळ होतं, चुरा घसरत जातो. टोकापुढे उडणारे तुषारही कमी झाल्यानं सर्जनला समोरचं नीट दिसतं. मोरी तुंबल्यावर काठी घालण्याऐवजी ती वाहती ठेवण्याची ही युक्ती.

१९८० च्या दशकात यकृताच्या सर्जननी हेच यंत्र उचललं. यकृत मऊ आणि रक्तानं भरलेलं, तेव्हा पाण्याची गरज तिथेही तेवढीच.

गंमत म्हणजे भोकाची कल्पना पुढे डोळ्याकडे परतली, पण निराळ्या कामासाठी. १९९० च्या दशकात मोतीबिंदू फोडणाऱ्या काही सुयांना ०.१७५ मिलिमीटरचं एक भोक बाजूला मिळालं. तोंड बुजलं तरी त्यातून थोडा प्रवाह चालू राहतो. सुई थंड राहते आणि सर्जचा झटकाही सौम्य होतो. आज तालुक्याच्या गावीही ‘बिनटाक्याचं मोतीबिंदू ऑपरेशन’ अशी पाटी दिसते. तिच्यामागे लेन्स आणि डॉक्टरच्या हाताइतकीच ही बुजू न देण्याची खटपट आहे.

तरीही वाटी गेलेली नाही. चिवट, तंतुमय किंवा चुना साठलेली गाठ असली की भोकांचंही काही चालत नाही. मग हँडपीस थांबवून बारीक तार आत घालावी लागते. ऑपरेशन संपल्यावर तर वाटी लागतेच. टाके घालणं सुरू असतं, भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघत असतो आणि सिस्टर कोपऱ्यात टोक पाण्यात धरून नळीतून स्वच्छ धार येण्याची वाट बघत असते. आत राहिलेलं रक्त एकदा वाळलं, की उद्याच्या पहिल्या केसला तेच आडवं येणार.